चुकलेल्या माणसाची खुर्ची



बक्षीस मिळवणाऱ्या सर्वांचं मनापासून अभिनंदन. आज मी तुम्हाला चंद्रावर गेलेल्यांपेक्षा ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसांबद्दल सांगणार आहे.

जुलै १९६९. अपोलो ११ या चंद्रमोहिमेच्या उड्डाणाला थोडेच दिवस उरले होते. चंद्रावर उतरण्याच्या सरावात प्रशिक्षकांनी मुद्दाम संगणकाचा एक अनोळखी इशारा पाठवला. यानाच्या मार्गदर्शन प्रणालीवर लक्ष ठेवणाऱ्या स्टीव्ह बेल्स यांनी उतरणं रद्द करायला सांगितलं. नंतर कळलं, तशी गरजच नव्हती. कक्षाचे प्रमुख जीन क्रान्झ यांनी फर्मावलं: असे जेवढे इशारे येऊ शकतात, त्या प्रत्येकाच्या वेळी काय करायचं ते ठरवून ठेवा. जॅक गार्मन या २४ वर्षांच्या अभियंत्याने ती यादी हाताने लिहून काढली.

२० जुलैला खरं यान उतरू लागलं. चंद्रापासून सुमारे १० किलोमीटरवर इशारा आला: १२०२. संगणकावर कामाचा भार वाढला होता. कमी महत्त्वाची कामं सोडून तो आवश्यक तेवढी सांभाळत होता. मागच्या खोलीत बसलेल्या गार्मन यांनी ते ओळखलं. इशारा सतत येत नसेल, तर पुढे जायला हरकत नाही, असं त्यांनी बेल्स यांना सांगितलं. बेल्स यांनी क्रान्झ यांना होकार कळवला आणि यानाशी संवाद साधणाऱ्या चार्ली ड्यूक यांनी तो अंतराळवीरांपर्यंत पोहोचवला. सारं काही सेकंदांत! बेल्स तेव्हा २६ वर्षांचे होते.

मित्रांनो, सरावात चुकलेले बेल्स त्या दिवशी त्याच खुर्चीवर होते. चूक सगळ्यांसमोर मांडली गेली, तिच्यातून यादी तयार झाली, पण माणसाला कुणी उठवलं नाही. म्हणूनच खऱ्या प्रसंगी तो ठामपणे बोलू शकला, आणि त्याच्याहून मोठ्यांनी त्याचं ऐकलं.

तुमच्यापैकी कुणी उद्या संघाचा कर्णधार होईल, कुणी प्रयोगशाळेचा प्रमुख. तुमच्या संघातल्या सर्वांत लहान मुलाला काही ठाऊक असेल, तर त्याला बोलू द्या. आणि ज्याला ठाऊक आहे, त्याने संकोच करू नये. गुरुजनांनो, चुकलेल्या मुलाला पुन्हा संधी द्या. तुमच्या विश्वासावरच तो उद्या मोठी जबाबदारी पेलणार आहे.