मुक्त शैलीतील सुवर्णपदक



जलतरणात ‘फ्री स्टाईल’ अर्थात मुक्त शैली हा एक स्पर्धाप्रकार आहे. त्यात कोणत्याही पद्धतीने पोहण्याची मुभा असते; तथापि अधिक वेग मिळतो म्हणून बहुतेक जलतरणपटू पालथे पोहत आळीपाळीने हात मारतात व पाय झाडतात. पाय शरीराला पुढे रेटतात, तसेच ते पाण्यावर आडवे राखतात. कमरेखालचा भाग लुळा पडला की ही दोन्ही कामे थांबतात आणि सारा भार खांद्यांवर व दंडांवर येतो. श्री. मुरलीकांत पेटकर यांच्या यशाचे मोल याच कसोटीवर जोखावयास हवे.

सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथे १ नोव्हेंबर १९४४ रोजी जन्मलेले पेटकर लहान वयातच सैन्यात दाखल झाले. मुष्टियुद्धात त्यांनी नाव मिळविले. परंतु १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात गोळ्या लागून ते गंभीर जखमी झाले. एक गोळी पाठीच्या कण्यात रुतली आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. उपचाराचा एक भाग म्हणून त्यांनी पोहण्यास आरंभ केला. मुष्टियुद्धाने कमावलेले बाहुबळ येथे उपयोगी पडले आणि उपचाराचे रूपांतर हळूहळू साधनेत झाले.

१९७२ च्या ऑगस्टमध्ये पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पॅरालिंपिक स्पर्धा भरल्या. पन्नास मीटर मुक्त शैलीचे अंतर पेटकर यांनी ३७.३३ सेकंदांत, म्हणजे दर सेकंदास सुमारे १.३४ मीटर वेगाने कापले. त्यांच्या गटातील तो जागतिक विक्रम ठरला. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होय. ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्णपदक श्री. अभिनव बिंद्रा यांनी २००८ मध्ये, म्हणजे त्यानंतर ३६ वर्षांनी मिळविले.

एवढ्या मोठ्या यशाची दखल मात्र विलंबाने घेतली गेली. ‘पद्मश्री’ सन्मान २०१८ मध्ये, तब्बल ४६ वर्षांनी मिळाला. त्यांच्या जीवनावरील चित्रपट २०२४ मध्ये आला, तेव्हा कोठे घरोघरी त्यांचे नाव पोहोचले. पॅरालिंपिकमधील दुसऱ्या सुवर्णपदकासाठीही देशाला २००४ पर्यंत वाट पाहावी लागली. एका माणसाने वाट दाखविली, पण त्या वाटेने इतरांनी जावे अशी व्यवस्था उभी राहण्यास दीर्घ काळ लागला, हाच या कथेचा खरा बोध आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये अशा व्यक्तींचा क्रीडाक्षेत्रात परिणामकारक सहभाग घडवून आणणे हे शासनाचे कर्तव्य ठरले आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची असते. कायदा व निधी यांची जोड असली, तरी त्याची फलश्रुती गावच्या शाळेत व क्रीडांगणावरच दिसणार. खेळाच्या तासाला दिव्यांग मूल एकटेच वर्गात बसून राहत असेल, तर शिक्षकांनी त्याला मैदानावर आणावे. तरणतलावास उतरंड व आधाराचा कठडा आहे की नाही, हे अधिकाऱ्यांनी स्वतः जाऊन पाहावे. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत या खर्चाचा हिशेब मांडावा.

पेटकर यांना पाण्यात उतरण्याची संधी रुग्णशय्येवर असताना मिळाली. गावोगावच्या मुलांना ती बालपणीच मिळावी, ही जबाबदारी आपणा सर्वांची आहे.