न्हाणीघरातील ज्वाळा

तांब्याचा बंब ज्या घरांत एकेकाळी न्हाणीच्या दाराशी उभा असे, त्या घरांत त्याच्या रचनेकडे कोणी फारशा कुतूहलाने पाहत नसे. विस्तव, राख, तोटी आणि कढत पाणी एवढ्यापुरताच त्याचा परिचय. परंतु बंबाच्या पोटातून उभे गेलेले ते नळकांडे हा त्याचा खरा प्राण होता. पाणी त्याच्या भोवती, निखारे त्याच्या आत, आणि धूर वरच्या तोंडाने बाहेर. शिवाय बंब पेटवायचा तो परसात किंवा उघड्या पडवीत. पाणी बादलीने आत न्यायचे. विस्तव बाहेर आणि स्नान आत, ही व्यवस्था कोणी शास्त्र म्हणून शिकविली नव्हती. ती धुराने डोळे चुरचुरल्यामुळे आपोआप ठरली होती.

गॅसच्या ज्वाळेला डोळ्यांना झोंबणारा धूर नाही, आणि नेमकी येथेच फसगत होते.

वाहते पाणी क्षणात तापविण्याची कल्पना तशी जुनी आहे. 1868 मध्ये लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन नावाच्या रंगकाम करणाऱ्या गृहस्थाने असे यंत्र सिद्ध केले आणि आइसलंडमधील उष्ण कारंजाच्या नावावरून त्याला ‘गीझर’ म्हटले. नाव जगभर गेले. यंत्रात मात्र एक मोठी उणीव होती. जळालेले वायू बाहेर नेणारे धुराडेच त्याला नव्हते. पुढे जर्मनीत डेसाऊ येथे ह्यूगो युंकर्स यांनी गॅसवरील स्नानतापकाला शास्त्रशुद्ध रूप दिले. हेच युंकर्स नंतर धातूच्या विमानांमुळे प्रसिद्धी पावले; पण त्यांच्या कारखानदारीचा पाया घातला तो न्हाणीघराने. नवल असे, की इतक्या वर्षांनंतरही आपल्या देशात भिंतीवर टांगले जाणारे कित्येक छोटे गीझर मॉनच्याच जातीचे, म्हणजे धुराड्यावाचूनचे असतात.

थोडा हिशेब करून पाहावा. पंधरा अंशांचे पाणी चाळीस अंशांवर आणून मिनिटाला सहा लिटर द्यायचे, तर गीझरला तासाला सुमारे एक किलो गॅस जाळावा लागतो. स्वयंपाकघरातील मोठ्या बर्नरच्या चारपाच पट ही आग आहे. एक किलो गॅस पुरता जळण्यास बारातेरा घनमीटर हवा लागते. म्हणजे पाव तासाच्या स्नानाला तीन घनमीटर. आता शहरातील न्हाणीघर केवढे? चार फूट रुंद, पाच फूट लांब, आठ फूट उंच. त्यात हवा मावते सुमारे साडेचार घनमीटर. थंडी म्हणून खिडकी लावून घेतलेली, दाराच्या फटीशी ओले पायपुसणे. घरातील दोघे एकामागून एक न्हाऊन निघाले, की तिसऱ्याच्या वाट्याला येणारी हवा आधीच वापरलेली असते. प्राणवायू कमी पडला तरी ज्वाळा लगेच विझत नाही. ती अर्धवट जळू लागते, आणि मग कार्बन मोनॉक्साईड निर्माण होतो.

ह्या वायूला रंग नाही, वास नाही. गॅस गळला तर कळावा म्हणून त्यात मुद्दाम मिसळलेला उग्र दर्पही जळून गेल्यावर उरत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा हा वायू दोनशे पटींहून अधिक घट्ट बिलगतो. डोके जड होते, पायांतले बळ जाते, कडी काढावी एवढेही सुचत नाही. न्हाणीघरात झटका येऊन पडलेल्या रुग्णांवर अपस्माराचे उपचार सुरू झाले आणि मागाहून दोष गीझरचा निघाला, असे अनुभव मज्जाविकारतज्ज्ञांनी नोंदविले आहेत. इंदूर-ग्वाल्हेरकडील कडाक्याच्या थंडीत, जेथे खिडक्या घट्ट लावल्या जातात, तेथे हा धोका विशेष.

म्हणून पहिला उपाय बंबाचाच: गीझर न्हाणीघराबाहेर, खुल्या गच्चीत वा सज्जात लावावा आणि नळाने केवळ पाणी आत आणावे. मात्र सज्जा खुलाच राहिला पाहिजे. पुढे हौसेने त्याला काचेच्या सरकत्या खिडक्या बसविल्या, की त्या सज्जाची खोली होते आणि गीझर पुन्हा घरात येतो! धुराडे असलेला गीझर असेल, तर नळी यंत्राच्या तोंडापेक्षा कोठेही अरुंद करू नये, प्रथम सरळ वर न्यावी, वाकणे कमीत कमी ठेवावीत आणि तिचे टोक मोकळ्या हवेत काढावे. इमारतीच्या अरुंद चौकात ते सोडले, तर वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडाच्या न्हाणीत तो वायू शिरतो. हवा ओढून घेणारा पंखा बसविला म्हणजे भागले, असाही समज आढळतो. दार बंद असता तोच पंखा धुराड्यातला वायू उलट खोलीत ओढू शकतो. ज्या यंत्राची हवा आणि धूर दोन्ही बाहेरच्या नळीवाटेच ये-जा करतात, ते बंदिस्त यंत्र ह्या बाबतीत सर्वांत निर्धोक. त्याचे मोल मात्र अधिक पडते.

दुसरी बाजू गॅसच्या नळीची. शेगडीपुरती टाकलेली नळी गीझरला पुरेलच असे नाही. नळीचा व्यास निम्मा असला, तर तेवढ्याच दाबाने जाणारा वायू निम्मा न होता जवळजवळ सहावा हिस्सा होतो. मग गीझर सुरू होताच शेगडीची ज्वाळा खाली बसते. सिलिंडरच्या गॅसचा घरगुती दाब तीस सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो. तो मोजायचा तो सर्व बर्नर आणि गीझर एकाच वेळी चालू ठेवून. सारे बंद असता तो नेहमीच चांगला दिसतो, आणि कारागीर तेवढेच पाहून निघून जातात.

अलीकडे अनेक शहरांत नळाने नैसर्गिक वायू येतो. तेवढीच उष्णता देण्यास तो सिलिंडरच्या गॅसच्या सुमारे अडीच पट आकारमानाने लागतो. तेव्हा नळी रुंद हवी, आणि गीझरचे जेटही बदलावयास हवेत. केवळ रबरी नळी काढून दुसरीकडे जोडणे हा बदल नव्हे. जेट बदलता येत नसेल, तर यंत्रच बदलावे लागते. जोडणीनंतर प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का, हे काडी न पेटविता पाहावे. आणि न्हाणीघराच्या दाराची कडी अशी असावी, की प्रसंगी ती बाहेरूनही उघडता येईल.