शेवटच्या अक्षरावरचा जोर



माद्रिदमधला माझा पहिलाच महिना होता. संध्याकाळी परतले, तर घरमालकीणबाई जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "यामो आ लास त्रेस." मला वाटलं, त्या म्हणतायत, 'तीन वाजता फोन करते.' दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मी फोनपाशी बसून राहिले. फोन आला नाही. येणार कसा? तो आदल्या दिवशीच तीन वाजता येऊन गेला होता, माझ्या आईचा.

'यामो'मधल्या 'या'वर जोर दिला तर अर्थ होतो 'मी फोन करते'. तोच जोर 'मो'वर दिला की 'तिनं फोन केला'. लिहिताना या दुसऱ्या शब्दाच्या शेवटच्या स्वरावर एक तिरकी रेघ देतात, पण बोलण्यात रेघ कुठून दिसणार! मराठीत नुसत्या आघातानं क्रियापदाचा काळ बदलत नाही, म्हणून आपल्या कानाला ही सवय मुद्दाम लावावी लागते.

स्पॅनिशमध्ये भूतकाळात नियमित क्रियापद चालवणं तसं सोपं. 'आब्लार' म्हणजे बोलणे. शेवटचा 'आर' काढा, 'आब्ल' उरेल. मग आब्ले, मी बोलले. आब्लास्ते, तू बोललास. आब्लो, तो बोलला. आब्लामोस, आम्ही बोललो. आब्लारोन, ते बोलले. 'तुम्ही सगळे' यासाठी स्पेनमध्ये आब्लास्तेइस म्हणतात. लॅटिन अमेरिकेत तिथंही आब्लारोनच चालतं. 'एर' आणि 'इर'नं संपणाऱ्या क्रियापदांना या काळात एकच प्रत्ययमाला लागते. 'कोमेर', म्हणजे खाणे, याचं कोमी, कोमिस्ते, कोमियो. 'विविर', म्हणजे राहणे, याचं विवी, विविस्ते, विवियो. आब्ले, आब्लो, कोमी, विवी, या सगळ्यांत जोर शेवटी. मोठ्यानं म्हणा. हे रूप तोंडातून गेल्याशिवाय कानात बसत नाही.

मराठी माणूस इथं एका गोष्टीनं सुखावतो. आपण आंबा खाल्ला म्हणतो, पोळी खाल्ली म्हणतो, केळं खाल्लं म्हणतो. क्रियापद खाण्याच्या पदार्थाकडे बघून बदलतं. स्पॅनिशमध्ये ते फक्त खाणाऱ्याकडे बघतं. काहीही खा, मी खाल्लं की 'कोमी'. बोलणारा पुरुष की स्त्री, तेही ते विचारत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. स्पॅनिशमध्ये साधे भूतकाळ दोन. आन्तोनियो दे नेब्रिहा यानं १४९२ साली सालामांकात कास्तिलियन भाषेचं व्याकरण छापलं, त्यात त्यानं या दोघांना दिलेली नावं मला फार आवडतात : 'संपलेला' आणि 'न संपलेला'. आब्लो हा संपलेला. 'आब्लाबा' हा न संपलेला, आणि त्यात आपल्या दोन गोष्टी एकत्र मावतात : 'ती बोलत होती' आणि 'ती बोलत असे'. आपल्या शाळेतल्या व्याकरणातला अपूर्ण भूतकाळ आणि रीतिभूतकाळ आठवा. 'आजोबा पहाटे उठत, विहिरीवर जात', हे ज्याला कळतं त्याला हा काळ नवा नाही.

विद्यार्थी चुकतात ते वेळेचा हिशेब करून. फार दिवस चाललेलं म्हणजे न संपलेलं, असं त्यांना वाटतं. तसं नाही. 'मी लिमात दोन वर्षं राहिले', इथं 'विवी'च हवं, कारण त्या दोन वर्षांना आपण कुंपण घातलं. 'मी लिमात राहत होते, तेव्हा त्याची ओळख झाली', इथं मात्र 'विविया'. काळ किती लांब होता हा प्रश्नच नाही; आपण त्याच्या बाहेर उभं राहून बोलतोय की आत शिरून, एवढंच पाहायचं.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीनं आपल्या आजीवर दहा ओळी लिहून आणल्या. आजी जात्यावर बसून ओव्या गायची, त्याबद्दल. प्रत्येक ठिकाणी तिनं 'कान्तो', म्हणजे 'गायली', लिहिलं होतं, तिरक्या रेघेसकट, प्रत्यय अगदी बिनचूक. मी तिला विचारलं, "आजी एकदाच गायली का गं?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनं एकेक 'कान्तो' खोडून तिथं 'कान्ताबा' लिहिलं. शेवटच्या ओळीतला एक तेवढा तसाच ठेवला. नातीच्या लग्नात आजी शेवटची गायली होती, ती ओळ.