दहा कोटींचा घोटा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी ‘आवडीच्या विषयावर दहा मिनिटं बोल’ असं सांगितलं, तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की ही सॉफ्टवेअरवाली, म्हणजे एआयवर बोलणार आणि कुणाची नोकरी कधी जाणार ते सांगणार. तुमची सुटका करते. मी फुटबॉलवर बोलणार आहे. कोल्हापुरात फुटबॉलवर बोलायला कुणाची परवानगी लागत नाही. पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की शाहू स्टेडियमवर काय वातावरण असतं आणि वर्ल्ड कप आला की गल्लीगल्लीत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे कसे लागतात, हे इथे कुणाला समजावायला नको. आमच्या वेळी मुलींना मैदानात उतरायला मिळालं नाही, पण बघायला कुणी अडवलं नाही. ती सवय अजून सुटलेली नाही.

तर प्रश्न असा. एखादा मोठा क्लब डोळे पांढरे होतील एवढी रक्कम मोजून एखादा खेळाडू घेतो. तो आधीच्या क्लबात वर्षानुवर्षं धडधाकट खेळलेला असतो. नव्या क्लबात आला की त्याचं दुखणं सुरू होतं. असं का होतं? कट्ट्यावरचं उत्तर ठरलेलं आहे: ‘पैसा मिळाला, माजला.’ मला हे उत्तर पटत नाही.

एडन हजार्डचं उदाहरण घ्या. बेल्जियमचा हा खेळाडू चेल्सीत सात हंगाम होता. ३५२ सामने आणि ११० गोल. लीगच्या ३८ सामन्यांपैकी तो कुठल्याही हंगामात ३१ पेक्षा कमी खेळला नाही, आणि तेही प्रतिस्पर्ध्यांच्या लाथा खात. २०१९ मध्ये रेआल माद्रिदने त्याला सुमारे दहा कोटी युरोंना घेतलं. त्या नोव्हेंबरमध्ये पॅरिसच्या संघाविरुद्ध त्याच्या उजव्या घोट्याला मार बसला. धसमुसळेपणा करणारा म्युनिए हा बेल्जियमच्या संघातला त्याचाच सहकारी. फेब्रुवारीत परतला, तर लेवान्तेविरुद्ध त्याच पायाचं हाड मोडलं आणि शस्त्रक्रिया झाली. माद्रिदमधल्या चार हंगामांत मिळून त्याचे ७६ सामने आणि ७ गोल झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, तो निवृत्त झाला.

माद्रिदला जाण्याआधीच्या सुट्टीत त्याने पाच किलो वजन वाढवलं, हे खरं आहे. तो स्वतःच तसं म्हणाला होता. पण पाच किलोंनी हाड मोडत नाही. कट्ट्यावर पाच किलो लक्षात राहतात आणि एक गोष्ट विसरली जाते. हाच उजवा घोटा २०१७ मध्ये बेल्जियमच्या सरावात मोडला होता आणि तेव्हाही शस्त्रक्रिया झाली होती. म्हणजे माद्रिदने दहा कोटी मोजले, त्यात तो घोटाही आला.

माझ्या मते या प्रश्नाची चार उत्तरं आहेत.

पहिलं हिशोबाचं आहे. खेळाडूची किंमत सर्वांत जास्त कधी असते? त्याच्या सर्वोत्तम हंगामानंतर. हजार्डने शेवटच्या वर्षी चेल्सीसाठी लीगमध्ये १६ गोल केले आणि १५ करवले. शिखरावरून पुढची वाट बहुधा उताराचीच असते, बदली होवो न होवो. शिवाय त्या शिखरापर्यंत पोचायला शरीराने शेकडो सामने सोसलेले असतात. आपल्याला गोल दिसतात, झीज दिसत नाही.

दुसरं वैद्यकीय आहे. पुढची दुखापत कुणाला होईल याचा सर्वांत भरवशाचा अंदाज मागच्या दुखापतीवरून बांधता येतो. मांडीच्या मागचा स्नायू, ज्याला हॅमस्ट्रिंग म्हणतात, त्याचं बघा. जोरात पळताना पाय पुढे जातो तेव्हा हा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी ब्रेकचं कामही करत असतो. एकदा फाटून जुळला की तो पूर्वीइतका लवचीक असेलच असं नाही. मग माणूस नकळत दुसऱ्या पायावर भार टाकतो आणि तिथे नवं दुखणं सुरू होतं. युरोपातल्या बड्या क्लबांच्या दुखापतींची नोंद २००१ पासून ठेवली जाते. त्या नोंदींत हॅमस्ट्रिंगचा वाटा सुरुवातीला १२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये २४ टक्के झाला. खेळ वेगवान झाला, सामने वाढले, स्नायू मात्र माणसाचेच राहिले.

तिसरं उत्तर घाईचं. एवढे पैसे मोजल्यावर खेळाडू बाकावर बसलेला कुणालाच बघवत नाही. प्रेक्षकांना नाही, अध्यक्षांना नाही आणि खुद्द खेळाडूलाही नाही. उस्मान डेम्बेले २० वर्षांचा असताना, २०१७ मध्ये, बार्सिलोनाने त्याला साडेदहा कोटी युरोंना घेतलं. बदली व्हावी म्हणून तो ऑगस्टमध्ये डॉर्टमुंडच्या सरावाला गेलाच नव्हता. हंगामापूर्वीचा हा सराव म्हणजे शरीराचा पाया. तो कच्चा राहिला आणि सप्टेंबरच्या मध्याला गेटाफेविरुद्ध बाहेर जाणारा चेंडू टाचेने अडवताना त्याची मांडी फाटली. शस्त्रक्रियेसाठी फिनलंडला जावं लागलं. नेमकं काय कशामुळे झालं हे कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, पण क्रम डोळ्यांत भरतो.

घाईत आणखी एक भर पडते. या शरीराला दोन मालक असतात, क्लब आणि देश. नेमारला अल हिलालने २०२३ मध्ये घेतलं. ऑक्टोबरमध्ये ब्राझीलकडून उरुग्वेविरुद्ध खेळताना त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. नोव्हेंबरमध्ये अल हिलालचा संघ मुंबई सिटीविरुद्ध खेळायला महाराष्ट्रात आला, तेव्हा त्याला बघायची आस लावून बसलेल्यांना हात हलवत परतावं लागलं. दीड वर्षात तो त्या क्लबसाठी सातच सामने खेळला.

चौथं उत्तर माझ्या धंद्यातलं, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं. एखादी जुनी यंत्रणा आम्ही नव्या सर्व्हरवर हलवतो तेव्हा लिहिलेला प्रोग्रॅम सहसा दगा देत नाही. दगा देतं ते न लिहिलेलं. दर शुक्रवारी रात्री एक अनुभवी माणूस हाताने काहीतरी साफ करत असतो. त्याची नोंद कुठेच नसते आणि तो माणूस नव्या जागी येत नाही. खेळाडूचंही तसंच. सोमवारी याला पळवायचं नाही, थंडीत याचा घोटा आखडतो, हा ‘ठीक आहे’ म्हणाला तरी विश्वास ठेवायचा नाही, हे जुन्या फिजिओला ठाऊक असतं. बदलीच्या वेळी मेडिकल होते, पण ती आजचा फोटो काढते. सात वर्षांची सोबत तिच्यात येत नाही. युरोपातल्या क्लबांच्या अभ्यासात असंही दिसलं आहे की जिथे डॉक्टर आणि मुख्य प्रशिक्षक यांच्यात नीट बोलणं नसतं, तिथे दुखापतींचा भार जास्त असतो. जुन्या क्लबात जुळलेलं हे बोलणं बदलीनंतर पहिल्यापासून जुळवावं लागतं.

इथे बसलेल्या सरांना आणि बाईंना हे वेगळं सांगायला नको. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर काय असतं? ‘प्रगती: चांगली. वर्तणूक: चांगली.’ या मुलीला फळा नीट दिसत नाही, हिला पहिल्या बाकावर बसवा, हे त्यावर कुठे असतं? ते बाईंच्या डोक्यात असतं आणि बाई जुन्या शाळेतच राहतात.

आता कुणी म्हणेल, मग बदली वाईटच का? तसं नाही. २००९ च्या एकाच उन्हाळ्यात रेआल माद्रिदने काका आणि क्रिस्तियानो रोनाल्डो या दोघांना विक्रमी रकमा मोजून घेतलं. काका २७ वर्षांचा, जांघेच्या दुखण्याने पहिल्याच हंगामात बेजार. २०१० चा वर्ल्ड कप खेळला आणि ऑगस्टमध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. रोनाल्डो २४ वर्षांचा. तो ४३८ सामने खेळला आणि ४५० गोल करून गेला. क्लब तोच, पैसा तसाच. फरक होता तो सोबत आलेल्या शरीरात आणि त्याच्या इतिहासात.

आणि डेम्बेले? ज्याला लोकांनी ‘काचेचा’ म्हणून मोडीत काढलं होतं, तो २०२३ मध्ये पॅरिसला गेला आणि २०२५ मध्ये चॅम्पियन्स लीग आणि बॅलन डी’ओर दोन्ही जिंकला. पहिल्या मोठ्या बदलीनंतर आठ वर्षांनी. त्याला ‘माजला’ म्हणून निकालात काढणाऱ्यांनी हा हिशोबही मांडावा.

हे सगळं आज सांगण्याचं कारण आहे. आपल्यातले बरेच जण आता घेणाऱ्यांच्या बाजूला आहेत. कुणी मॅनेजर आहे, कुणी मुख्याध्यापक, कुणाची स्वतःची फौंड्री आहे. नवा माणूस जास्त पगारावर घेतला की आपणही पहिल्याच महिन्यात गोल मागतो. त्याला सहा महिने द्या. त्याच्या जुन्या जागी काय चालत होतं ते विचारा.

आणि आपल्यातल्या कितीतरी जणांची मुलं सकाळी शाळेच्या संघात, संध्याकाळी अकादमीत आणि रविवारी तालमीच्या संघात खेळतात. त्यांचे तीन प्रशिक्षक एकमेकांशी बोलत नाहीत, आणि निवड हुकेल या भीतीने पोरं दुखणं लपवतात. कोट्यवधींचे खेळाडूसुद्धा तेच करतात. त्या तिघांना एकमेकांचे फोन नंबर द्या. पोरगं घरी आलं की ‘किती गोल मारलेस’ याच्या आधी ‘कुठं दुखतंय का रे’ एवढं विचारा. आणि ‘नाही’ म्हणालं, तरी जरा त्याची चाल बघा.