एकदा झाले की नेहमी होते?



कामगार संघटनेच्या माणसाने व्याख्यानमालेत इंग्रजी व्याकरणावर बोलावे, याचे कित्येकांना नवल वाटेल. आमची शाळा सातवीत सुटली. इंग्रजी शिकलो ते तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून आणि मालकांकडून येणाऱ्या पत्रांवरून. पण क्रियापदाचा काळ चुकला तर ते माणसाच्या बोटांवर बेतते, हे आम्ही पाहिले आहे.

1998 साली एका कारखान्यात पॉवर प्रेसची जाळी वारंवार निसटत होती. यंत्राचे धोक्याचे भाग बंदिस्त ठेवण्याचे बंधन 1948 च्या कारखाने अधिनियमातील 21 व्या कलमाने घातलेलेच होते. आम्ही तक्रार लिहिली. 'यूज्ड टू' म्हणजे सवय, असे घोकलेले. म्हणून लिहिले, 'द गार्ड यूज्ड टू स्लिप.' उत्तर आले: जाळी पूर्वी निसटत असे, हे संघटनेनेच कळविले आहे, अर्थात आता निसटत नाही, सबब प्रकरण बंद. तक्रार आमची आणि साक्ष मालकांची!

चूक कोठे झाली? 'यूज्ड टू' म्हणजे आपला रीतिभूतकाळ: निसटत असे. ती मागची रीत. आज ती उरली नाही, असाच वाचणाऱ्याचा समज होतो. जी रीत आजही चालू आहे, तिला साधा वर्तमानकाळच हवा. सूर्य उगवतो, सातला भोंगा वाजतो, तशी जाळी निसटते: 'द गार्ड स्लिप्स.' 'इज स्लिपिंग' लिहिले असते, तर 'हल्ली जरा निसटते आहे' एवढाच अर्थ निघाला असता. मालक म्हणाले असते, चार दिवस थांबा.

आता मोजून सांगावयाचे असेल तर? सोमवारपासून आजपर्यंत चार वेळा निसटली, आणि मोजणी अजून चालूच आहे, तर 'हॅज स्लिप्ड फोर टाइम्स सिन्स मंडे'. 'गेल्या आठवड्यात' म्हटले की तो हिशेब मिटला; तेथे साधा भूतकाळ: 'स्लिप्ड फोर टाइम्स लास्ट वीक'. घटना चारदा घडली म्हणून तेथे 'यूज्ड टू' येत नाही. ते रीत सांगते, मोजणी सांगत नाही.

आम्ही दुसरा अर्ज दोनच वाक्यांचा केला. एक रीत सांगणारे: 'द गार्ड स्लिप्स.' दुसरे मोजणी सांगणारे: 'इट हॅज स्लिप्ड फोर टाइम्स सिन्स मंडे.' तिसऱ्या दिवशी जाळी बदलली. पण दोन अर्जांमधले ते दिवस प्रेसवरच्या गड्याने कसे काढले, ते त्याचे त्यालाच ठाऊक. त्याचा हात शाबूत राहिला, ही आमची हुशारी नव्हे, त्याचे नशीब.

तेव्हा पालकहो, मुलांकडून काळांचे तक्ते जरूर पाठ करून घ्या; पण सोबत तीन प्रश्नही द्या. गोष्ट अजून घडते का? ती मोजली आहे का? मोजणीचा काळ संपला का? गरिबाला साक्षीदार थोडे मिळतात. निदान त्याच्या अर्जातले क्रियापद तरी त्याच्या बाजूने बोलले पाहिजे.