तारीख आठवत नसली तरी



शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून प्रसूतीची अपेक्षित तारीख काढली जाते. परंतु अंगावर पाजणाऱ्या मातेला पाळी परत येण्यापूर्वीच दिवस गेले, तर हा हिशेब कोठून मांडावयाचा? अशी स्त्री संकोचाने घरीच राहते. बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघणाऱ्या स्त्रिया तर पुष्कळदा नोंदणीविनाच गाव सोडतात.

वस्तुतः तारीख ठाऊक नसणे हेच लवकर तपासणीस जाण्याचे कारण होय. नागपंचमी, पोळा अशा सणांच्या आधाराने आशा स्वयंसेविकेला अंदाज बांधता येतो. पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीने तो पक्का होतो. उशीर झाल्यास ही अचूकता राहत नाही. मग मूल अपुऱ्या दिवसांचे की कमी वाढीचे, हे ओळखणे कठीण जाते. रक्तस्राव वा पोटात तीव्र वेदना असल्यास मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

नोंदणी बारा आठवड्यांच्या आत व्हावी. रक्तदाब, हिमोग्लोबिन यांची तपासणी आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या तेथूनच सुरू होतात. टोळ्या निघण्यापूर्वी ग्रामपंचायतीने उपकेंद्रात तपासणीचा दिवस ठरवावा आणि माता-बाल संरक्षण कार्ड प्रत्येक गरोदर स्त्रीच्या सोबत जाईल, हे पाहावे. गाव सुटले तरी उपचार सुटू नयेत.