वही घरात उघडी ठेवा

(जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर कापसाच्या भावावर बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही घरातल्या हिशेबावर बोलणार आहोत. आम्ही मुंबईहून आलो असलो तरी गावे आमची इकडचीच. पऱ्हाटीत आणि ज्वारीच्या फडात वाढलो, मग पोटासाठी घाटकोपरला गेलो. असल्फ्याच्या टेकडीवर भिंतीला भिंत लागून आमची चार घरे आहेत. एकाची रिक्षा आहे. एकजण अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराच्या हाताखाली. एकजण बोरिवलीला कपड्याच्या दुकानात. दोघी जणी लोकलने मुलुंडला जाऊन धुणीभांडी आणि स्वयंपाक करतात.

तुम्ही म्हणाल, शहरातली माणसे आता आम्हाला काटकसर शिकवणार काय? तसे नाही. वर्षातून एकदा येणाऱ्या पैशावर जे बारा महिने काढतात, त्यांना काटकसर कोण शिकवणार? आमचे सांगणे वेगळे आहे. कोरोनाच्या टाळेबंदीत आम्ही घरात एक काम केले. ते फार उशिरा केले. तुम्हाला तसा उशीर होऊ नये, एवढ्यासाठी आलो आहोत.

तारखेवर भरवसा

२२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला आणि त्याच रात्रीपासून लोकल बंद झाली. २५ मार्चपासून देशभर २१ दिवसांची टाळेबंदी लागली. उपनगरात लोकल बंद म्हणजे हातपाय बंद. आमच्यात महिन्याचा पगार एकालाच, तोही मालकाच्या मर्जीवर. बाकीच्यांचे काम म्हणजे खाडा पडला की पैसा गेला.

आम्ही २१ दिवसांचा हिशेब धरला. हातात होते त्यातून तेल, डाळ, पीठ भरले, उरलेल्यात दिवस काढू म्हटले. मग तारीख सरकली. १४ एप्रिलची ३ मे झाली, ३ मेची १७ मे, १७ ची ३१ मे. लोकल १५ जूनला सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. आमच्यातल्या पुरुषांना ती १ फेब्रुवारी २०२१ ला मिळाली, तीही ठराविक वेळांपुरती. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि पुन्हा दार बंद. दोन लसी घेतलेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून प्रवास करता आला. एकवीस दिवस म्हणता म्हणता सतरा महिने गेले.

तुमच्यापैकी कुणीही अशी चूक केली नसती. पावसाचा अंदाज आला म्हणून दुबार पेरणीचे बियाणे कुणी विकून खात नाही. आम्ही मात्र गाव सोडल्यावर ही गोष्ट विसरलो होतो.

वही उघडली तेव्हा

एप्रिलच्या मध्यापर्यंत चारही घरांत भांडणे सुरू झाली. दहा बाय बाराची खोली, त्यात पाच माणसे दिवसभर. सार्वजनिक संडासाला रांग, पाण्याला रांग, आणि रांगेत जायची भीती. भांडण निघायचे चहाच्या साखरेवरून, पण मूळ साखरेत नव्हते. घरात किती पैसा आहे आणि किती दिवस पुरेल, हे एकालाही पुरते माहीत नव्हते. जो तो आपल्याजवळचे झाकून बसला होता.

मुलुंडला कामाला जाणाऱ्या एकीने मुलाची शाळेची वही घेतली आणि चार पाने आखली. पहिल्या पानावर हातात रोख किती. दुसऱ्यावर घरात धान्य किती, किती दिवसांचे. तिसऱ्यावर कुणाकडून येणे. चौथ्यावर कुणाचे देणे. मग ती म्हणाली, सगळ्यांनी समोर बसून सांगायचे, मुलांनीसुद्धा ऐकायचे.

पहिली तीन पाने अर्ध्या तासात भरली. चौथ्या पानाला चार दिवस लागले. रिक्षाचा हप्ता सगळ्यांना माहीत होता. पण रिक्षावाल्याने गेल्या दिवाळीत शेकडा तीनने वीस हजार उचलले होते, ते बायकोला माहीत नव्हते. बायकोने भावाच्या लग्नासाठी बचत गटातून पैसे घेतले होते, ते नवऱ्याला माहीत नव्हते. दुसऱ्या एका घरात वाण्याची उधारी निघाली. त्या रात्री दोन घरांत चूल पेटली नाही.

पण पाचव्या दिवशी सकाळी आम्हाला हलके वाटले. देणे एका पैशानेही कमी झाले नव्हते. फरक एवढाच, की कालपर्यंत ते एकट्याच्या छातीवर होते, आज ते घराचे झाले. मग आधी काय भागवायचे, हे ठरवता येऊ लागले.

स्थगिती म्हणजे माफी नव्हे

२७ मार्चला रिझर्व्ह बँकेने जाहीर केले की कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलता येतील. पुढे ती मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. टेकडीवर बातमी पसरली, 'हप्ते माफ झाले'. गावात वाढलेल्या माणसाला हे ऐकून शंका यायलाच हवी. दुष्काळात पीककर्जाच्या वसुलीला स्थगिती मिळते, कर्जाचे पुनर्गठन होते, तेव्हा व्याज थांबते का? नाही. इथेही थांबले नाही.

हिशेब करून पाहा. एक लाखाचे कर्ज, व्याज वर्षाला १२ टक्के, म्हणजे महिन्याला हजार. सहा महिने हप्ता भरला नाही तर सहा हजार व्याज चढते. त्या व्याजावरचे व्याज धरले तर ६,१५२. पुढे केंद्र सरकारने या सहा महिन्यांच्या व्याजावरचे व्याज परत केले. म्हणजे आपल्या उदाहरणात परत मिळाले वरचे १५२ रुपये. सहा हजार भरावेच लागले. आणि पीककर्ज तर त्या योजनेत नव्हतेच.

म्हणून आम्ही क्रम लावला. आधी धान्य आणि औषध. मग फोनचे रिचार्ज, कारण काम मिळायचे तर फोनवर आणि जूनपासून मुलांची शाळाही फोनवर. त्यानंतर शेकडा तीनचे देणे. शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के, वीस हजारावर महिन्याला सहाशे नुसते व्याजात. रिक्षाचा हप्ता आम्ही पुढे ढकलला, पण किती व्याज चढणार ते वहीत लिहून ढकलला. जूनमध्ये रस्त्याच्या एका बाजूची दुकाने आज आणि दुसऱ्या बाजूची उद्या अशी उघडू लागली, तेव्हा त्या बाईने स्वतःहून गळ्यातली पोत मोडली आणि शेकडा तीनचे कर्ज संपवले. सोन्याचा भाव त्या वर्षी चढलेला होता. पोत गहाण ठेवली असती तर एका व्याजातून दुसऱ्या व्याजात पाय गेला असता. पोत तिची होती, निर्णयही तिचा होता. पण तिला तो घेता आला, कारण कर्ज तिला सांगितले गेले होते.

विजेचेही तसेच झाले. मीटर बघायला माणूस येईना, म्हणून हिवाळ्याच्या महिन्यांची सरासरी धरून बिले आली. उन्हाळ्यात सगळे घरात, पंखा दिवसरात्र. जूनमध्ये मीटर बघितले आणि साचलेला आकडा एकदम अंगावर आला. शेतीपंपाचे बिल न बघता सरासरीने येते, हे तुम्हाला नवे नाही. आम्ही एक केले. दर महिन्याला मीटरचा आकडा वहीत टिपून ठेवला होता. तो दाखवून बिल हप्त्यांत करून घेतले.

हक्काचे काय होते

वही केली म्हणून आणखी एक झाले. सरकारकडून काय मिळू शकते, त्याचेही एक पान झाले. प्राधान्य कार्डावर माणशी पाच किलो तांदूळ फुकट होता. केशरी कार्डावर मे आणि जूनमध्ये माणशी तीन किलो गहू आठ रुपयांनी आणि दोन किलो तांदूळ बारा रुपयांनी मिळत होता. बायकांच्या जनधन खात्यात एप्रिल ते जून दरमहा पाचशे रुपये आले. शिवभोजन थाळी दहाची पाच रुपयांना झाली. ठेकेदाराकडच्या कामगाराचा भविष्य निर्वाह निधी कापला जात होता, त्यातून तीन महिन्यांच्या मूळ पगाराइतकी किंवा जमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत, जी कमी असेल ती रक्कम काढता येत होती. प्रत्येक गोष्टीला कागद लागत होता, आणि आमचे निम्मे कागद गावच्या पेटीत पडून होते. कागद जवळ असणे हीसुद्धा मिळकतच आहे.

गावाकडे फोन केला तेव्हा

दरमहा आम्ही गावाकडे पैसे पाठवायचो. एप्रिलमध्ये पाठवता आले नाहीत, हे सांगायला फोन केला. तिकडून कळले की कापूस अजून घरातच आहे. टाळेबंदीत खरेदी केंद्रे बंद पडली होती. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ५,५५० रुपये, पण घेणारा कोण? पुढे केंद्रे उघडली तरी दिवसाला मोजक्याच गाड्या घेत. रांगेत नंबर लागेना आणि व्यापारी पाडून मागत होता. बाबा म्हणाले, 'माजघरात कापूस, आम्ही ओसरीवर. अंगाला नुसती खाज सुटली आहे.' हे त्यांनी महिनाभर आम्हाला सांगितले नव्हते. आम्हीही आमचे सांगितले नव्हते. दोन्हीकडे हात रिकामे, आणि दोघेही एकमेकांना 'इकडे बरे आहे' म्हणत होतो. त्या दिवसापासून गावच्या घराचे पानही आमच्या वहीत आले. पावसाळ्यात गावाहून परतणाऱ्या एकाच्या गाडीतून ज्वारीचे पोते आले. त्यावर दोन घरे दीड महिना जेवली.

घरातले काम

एक गोष्ट पुरुषांनी ऐकावी. काम बंद पडले ते आमच्यातल्या पुरुषांचे. बाईचे बाहेरचे काम बंद पडले आणि घरातले दुप्पट झाले. वहीत आम्ही कामांचेही पान केले. पाणी भरणे, रेशनची रांग, भांडी, म्हाताऱ्यांची औषधे, आणि एका फोनवर दोन मुलांची शाळा. पान भरल्यावर कुणाच्या नावासमोर किती कामे आहेत ते दिसले, आणि पुरुषांना मान खाली घालावी लागली. दुसऱ्या दिवसापासून हंडे पुरुषांनी उचलले. भांडणे संपली नाहीत, पण कमी झाली.

आणि बायकांनी डब्यात लपवलेले पैसे? चारही घरांत ते निघाले. पहिल्या तीन आठवड्यांनंतर चूल चालली ती त्या डब्यांवर. त्याला कुणी चोरी म्हणू नये. उघड ठेवले तर उडतील, ही भीती ज्या घरात आहे, त्या घराने आधी ती भीती घालवावी.

आता तुमचे

भावांनो, शेती तोट्यात का जाते, हे या मेळाव्यात सांगायची गरज नाही. नुसती वही लिहून भाव मिळत नाही. असे आम्ही म्हणत असू तर आम्हाला खाली बसवा. पण आपल्या भागात किती घरांत बाईला कर्जाचा आकडा पहिल्यांदा कळला तो नवरा गेल्यावर, दारात वसुलीला माणूस आल्यावर! सोसायटीचे किती, बँकेचे किती, कृषी केंद्राची उधारी किती, सावकाराचे किती, हे तो एकटा जाणत होता. त्या ओझ्याखाली तो एकटा होता. कर्ज होणे ही लाज नाही. तोट्याच्या धंद्यात कर्ज होणारच. ते घरात न सांगणे घात करते.

म्हणून आज घरी गेल्यावर जेवणे झाली की पोराची एक वही मागा. चार पाने आखा. चौथ्या पानापासून सुरुवात करा. बायको, आई, कळती मुले, सगळ्यांना समोर बसवा. आवाज निघणार नाही, आमचाही निघाला नव्हता. तरी सांगा. आणि मायबहिणींनो, तो सांगेल तेव्हा त्या रात्री भांडू नका. सकाळी भांडा.

वही लिहून झाली की पेटीत ठेवू नका. देवळीत ठेवा, सगळ्यांच्या हाताला येईल अशी.